होगंगिल्ल

उद्यमबागेत, आमच्या शेडमध्ये, एक गेज आहे,
बोटाएवढं, दोन तोंडांचं.
एक तोंड भोकात जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
बस्स, एवढाच त्याचा स्वभाव.
दुसऱ्या तोंडाचा लाल रंग
सात वर्षांत माझ्या अंगठ्याने निम्मा पुसला.

मी येळ्ळूरची. घरात मराठी, गल्लीत मराठी,
शाळेतलं कन्नड पस्तीस मार्कांपुरतं.
सोमवारची मीटिंग कन्नडात,
मध्येमध्ये इंग्रजी,
शिव्या तेवढ्या तिन्ही भाषांत.

पहिल्याच महिन्यात हिरेमठ साहेब दारात दिसले
आणि मी सगळ्यांना सांगितलं, "साहेब बंतु."
बंतु म्हणजे आलं.
कुत्रं आलं, पार्सल आलं, तसं.
माणसाला, त्यात साहेबाला, बंदरू म्हणायचं असतं.
शेड हसली. साहेबही हसले, वाईट नव्हे.
पण डिस्पॅचच्या मल्लगौडाने तो शब्द
चहाच्या टपरीपर्यंत नेला
आणि सुगंधा कुगजी हे नाव
सहा महिने कुणी घेतलं नाही.

मग मी गप्प बसायला शिकले.
तेही कसबच आहे:
रजिस्टरात मान घालायची,
पेनाचं टोपण काढायचं, लावायचं,
वाक्य आतल्या आत जुळवायचं,
क्रियापदाची शेपटी तपासायची,
लिंग, वचन, आदर,
तोवर विषय पुढे गेलेला.
संध्याकाळी रेल्वे गेटपाशी गाडी थांबली
की हेल्मेटच्या आत मी ते वाक्य पूर्ण म्हणायची.
अगदी बिनचूक.

परवा व्हॉल्व्हच्या बॉड्या आल्या, दोनशे चाळीस.
लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसून काढायचा,
वर पांढरी पूड फवारायची.
भेग असली तर लाल होऊन आपणच वर येते,
केसाएवढी.
तिसऱ्या नगात आली.
अकराव्यात आली.
एकोणीस झाले तेव्हा माझा घसा कोरडा होता
आणि ट्रक साडेपाचचा.

मल्लगौडा म्हणाला, "स्वल्प अॅडजस्ट माडी."
टेबलाभोवती माना हलल्या.
माझीही हलायला निघाली होती, सवयीने.
खिशात गेज होतं. अंगठा त्या लाल तोंडावर गेला.

उठले. खुर्ची करकरली,
तीच काय ती माझी प्रस्तावना.
"सर, इदु होगंगिल्ल."
हे जाणार नाही.
एवढंच आलं. पुढचं कन्नड संपलं.
मल्लगौडा हसला.
मी थांबले.
दुसऱ्याचं हसू संपेपर्यंत उभं राहता येतं
हे मला सात वर्षं माहीत नव्हतं.
फार लांब नसतं ते.
रेल्वे गेट जास्त वेळ लागतं.
मग उरलेलं मराठीत सांगितलं
आणि मराठी अडलं तिथे नग टेबलावर ठेवला,
रेघ वर करून.

साहेबांनी चष्मा काढला. रेघेवर नख फिरवलं.
"यारू नोडिदरू?"
कुणी पाहिलं.
नानू, म्हटलं. मी.

ट्रक रिकामा गेला.
साहेब दोन दिवस नीट बोलले नाहीत.
रात्री ताटात भात वाढताना पळी ताटावर वाजत राहिली,
आई म्हणाली, "काय गे, ताप आलाय काय?"
नाही म्हटलं,
आणि कशाचं कोण जाणे, हसू आलं.

आज टपरीवर मल्लगौडा,
ग्लास उंच करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं:
"सुगंधा बंतु!"
"बंतु," म्हटलं मी. "नवा लॉटपण बंतु.
चहा संपव लवकर,
दोनशे चाळीस मोजायचेत."